मदत हवी आहे: ऑफिसच्या पॅन्ट्रीतल्या निनावी चिठ्ठ्या

नमस्कार मंडळी. हिंजवडीत एका ऑफिसात आहे. मजल्यावर चाळीसेक माणसं आणि फ्रीज एकच. तो इतका कोंबलेला असतो की दार नीट लागत नाही. आतलं तापमान ५ अंशांच्या वर गेलं की जेवण लवकर खराब होतं, वास सुटतो आणि मग चिठ्ठ्या लागतात.

सुरुवात "कप विसळून ठेवा" एवढीच होती. गेल्या सोमवारी मात्र थेट माझ्या डब्यावर चिकटवलेली: "काही लोकांनी वासाचा विचार करावा." डब्यात सुकटीची चटणी होती, गरमसुद्धा केली नव्हती. तेव्हापासून जागेवरच जेवते. फार लागलं मनाला.

त्याहून जास्त वाईट वाटतं ते पॅन्ट्रीतल्या मावशींचं. त्या चारला घरी जातात, नंतरची खरकटी भांडी आमचीच. पण सकाळी सिंकवरची चिठ्ठी आधी त्यांच्याच नजरेला पडते आणि त्यांना वाटतं, आपल्यालाच बोललेत. परवा डोळ्यांत पाणी होतं.

डब्यावर नाव-तारीख आणि दर शुक्रवारी फ्रीज रिकामा, हे मी सुचवणारच आहे. पण चिठ्ठ्यांचं काय करू? अक्षर टीममधल्या एका मैत्रिणीचं वाटतंय, खात्री नाही. तिला चहाला नेऊन एकटीशी बोलू, की नाव न घेता टीमसमोर विषय काढू? आणि मावशींची समजूत कशी घालू? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.