टेबल टेनिसच्या पेनहोल्ड ब्लेडमुळे मुलीच्या तर्जनीवर वळ उठतोय, ब्लेडचे खांदे घासून घ्यावेत का?

कर्वेनगरची आई

नमस्कार. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये फेलिक्स लेब्रनला एकेरीचं ब्राँझ मिळालं, ते सामने पाहिल्यापासून तिने शेकहँड (हात मिळवल्यासारखी पकड) सोडून पेनहोल्डचा, म्हणजे बॅट पेनासारखी धरण्याचा, ध्यास घेतलाय. चिनी पद्धतीचं पाच थरांचं ब्लेड (बॅटचं लाकूड) घेतलं, दोन्ही बाजूंना रबर लावलं. आता सराव संपला की तर्जनीच्या मधल्या पेरावर लालभडक वळ असतो आणि अंगठ्याच्या बेचकीतलं साल गेलेलं असतं. मी चिकटपट्टी लावून देते, ती घामाने लगेच सुटते. सर म्हणतात, शेकहँडवर परत ये. तिला ते मुळीच पटत नाही, आणि इतक्या मनापासून धरलेली गोष्ट निव्वळ बोट दुखतं म्हणून सोडायला लावणं मलाही जिवावर येतं.

लोक लाकूड घासून घेतात असं कळलं. नेमकं कुठे आणि किती घासायचं? अशी बॅट स्पर्धेत चालते का?

शनिवारातला शेकहँडवाला

ताई, घासाघाशी कशाला? मुठीवर बॅडमिंटनची ग्रिप टेप गुंडाळा. मऊ होईल.

पेनहोल्ड, एरंडवणे

टेप नको ताई, कळकळीने सांगतो. टेपने मूठ जाड होते आणि दुखणं मुठीत नाहीच. शेकहँडमध्ये अख्खा तळवा मुठीला धरतो. पेनहोल्डमध्ये बॅटचा भार येतो तो मूठ जिथे पात्याला मिळते त्या दोन खांद्यांवर. एका खांद्यावर तर्जनी आकड्यासारखी वळते, दुसऱ्यावर अंगठा टेकतो. चिनी ब्लेडची मूठ आखूड, म्हणजे वजन पुढे झुकतं. त्यात दोन रबरं. एवढी बॅट एका पेरावर तोलली जाते आणि त्या पेराखाली लाकडाची कोरी कड असते. वळ उठणारच.

मी आधी जपानी पेनहोल्ड खेळायचो. त्याच्या मुठीला बुचाचा उंचवटा असतो, तर्जनी त्यात अडकून बसते, बोटाला आधार मिळतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रियू सेउंग-मिनने वांग हाओला हरवून सुवर्ण घेतलं ते असल्याच ब्लेडने, एका बाजूच्या रबरावर. पण तुमच्या मुलीला लेब्रनसारखा मागच्या रबराने बॅकहँड मारायचाय. त्यासाठी मनगट मोकळं फिरायला हवं आणि तिथे चिनी मूठच बरी. फक्त ती आपल्या बोटाप्रमाणे घासून घ्यायची असते. चिनी पेनहोल्ड खेळणाऱ्यांमध्ये ही सर्रास चालणारी गोष्ट आहे, त्यात ब्लेड बिघडवल्यासारखं काही नाही.

आता कुठे घासायचं. तिला बॅट नेहमीसारखी धरायला सांगा आणि मऊ पेन्सिलने तर्जनी आणि अंगठा जिथे टेकतात तिथे लाकडावर रेघ मारून घ्या. मग दोन-चार फोरहँड, दोन-चार मागचे बॅकहँड हवेत मारायला लावा आणि बोट सरकून कुठे जातं ते पाहून दुसरी रेघ मारा. या दोन रेघांच्या मधलीच कड घासायची, त्यापलीकडे पात्याला हात लावायचा नाही.

तर्जनीच्या बाजूला जास्त घासा, बोटाचं पेर त्यात पन्हळीत बसावं तसं बसलं पाहिजे. अंगठ्याच्या बाजूला मात्र हात आखडता ठेवा. मागच्या रबराने मारताना तर्जनी सैल पडते आणि अंगठा दाबतो, तेव्हाच बॅटचा कोन बंद होतो, म्हणजे मारायची बाजू खाली झुकते. तिथलं लाकूड फार गोल केलं तर अंगठ्याला दाबायला जागा उरत नाही, तो घसरतो. दोन्ही खांदे सारखेच, देखणे गोल करून देणाऱ्यांचं मला म्हणून पटत नाही. दोन बोटांची कामंच वेगळी आहेत.

बेचकीतलं साल जातंय त्याला मुठीची मागची कड कारण आहे. तिथे नुसती धार मोडा, बास.

आणि रबर मुठीला अगदी चिकटवून लावलंय का ते बघा. बोटांच्या जागी थोडं लाकूड उघडं सोडलं की पेर रबराच्या कडेवर चढत नाही. मागचं रबर पातळ स्पंजचं घेतलं तर वजनही उतरेल. माझ्या मते घासण्याइतकाच याचा उपयोग होतो.

सुतारकाम आणि टीटी

वरच्यांशी सहमत, साधनांबद्दल थोडं. कानस लावू नका, वरचा पापुद्रा उचकटून येतो. रविवार पेठेत बोहरी आळीत पॉलिश पेपर मिळतो, १५० नंबरने सुरुवात आणि ४०० ने शेवट. पेपर जाड पेन्सिलीला गुंडाळा, म्हणजे बोटासारखीच गोलाई येते. लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा, आडवं घासलं तर कुसळं निघतात आणि ती पोरीच्या बोटात जातील. आधी रबर काढून ठेवा, पाण्याच्या गोंदाने लावलं असेल तर सावकाश सुटतं. वरचा थर संपून आतलं वेगळ्या रंगाचं लाकूड दिसलं तर घाबरू नका, खांद्यापुरतं ते चालतं. शेवटी पातळ वॉर्निशचा एक हात द्या, पुण्याच्या पावसाळ्यात उघडं लाकूड दमट होतं.

पेनहोल्ड, एरंडवणे

वॉर्निश पात्याच्या कडांना द्या, बोटांच्या जागी नको. तिथे कोरं लाकूड घाम पितं म्हणून पकड टिकते. वॉर्निशवर ओलं बोट निसटतं, आणि मग मूल बॅट आणखी आवळून धरतं. त्यातून मनगट ताठ होतं, ते सोडवायला मग फार त्रास पडतो.

कर्वेनगरची आई

खूप आभार. तुम्ही म्हणता तसं पाहिलं, रबर खरंच मुठीला टेकवून लावलेलं आहे. एकदम सगळं घासायचं की टप्प्याटप्प्याने? आणि पंच हरकत घेतील का?

पेनहोल्ड, एरंडवणे

टप्प्याटप्प्यानेच. थोडं घासा, तिला तासभर खेळू द्या, बोटावरचा वळ बघा. तो फिका झाला आणि पसरट झाला की तुम्ही बरोबर जागी आहात. आणखी एका रेघेसारखा उठत असेल तर तिथे अजून कड आहे. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही, म्हणून घाई नको. पेन्सिल आणि पेपर तिच्याच हातात द्या, कुठे टोचतंय ते तिलाच कळणार.

नियमाची काळजी करू नका. आंतरराष्ट्रीय नियमांत बॅटचा आकार, आकारमान आणि वजन यांवर बंधन नाही. पातं सपाट आणि ताठ हवं, जाडीच्या निदान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड हवं. रबर पात्याच्या कडेपर्यंत हवं, पण मुठीजवळचा बोटांनी धरायचा भाग उघडा ठेवायला त्याच नियमात मुभा आहे. पंचांनी विचारलंच तर हेच सांगायचं. फक्त ती सवलत बोटांच्या जागेपुरती आहे, बाकीच्या पात्यावर रबर कडेपासून आत सरकलेलं चालणार नाही. नवीन रबर कापताना तेवढं बघा.