मदत हवी आहे: सासऱ्यांच्या नावाने नातेवाइकांना मेल जात आहेत, स्कॅनमध्ये मात्र काही सापडत नाही

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

सासरे ७१ वर्षांचे आहेत. लॉटरी, परदेशातला वारसा असल्या मेलना ते कधीच भुलत नाहीत. पण पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या नावाने मेल आला. वर एकच ओळ, "सुधारित कागद जोडला आहे, पाहून घ्या", आणि खाली त्या दोघांचाच जुना पत्रव्यवहार, जसाच्या तसा! सोबत झिप फाइल, तिचा पासवर्ड मेलमध्येच दिलेला. आत वर्डची फाइल. ऑफिस २०१० सालचं आहे. पिवळ्या पट्टीवर 'एनेबल कंटेंट' आलं, ते त्यांनी दाबलं. फाइल कोरीच दिसली म्हणून सहकाऱ्यांना फोन केला, तेव्हा कळलं की त्यांनी काही पाठवलंच नव्हतं.

मी अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन केला, दोन गोष्टी सापडल्या, त्या काढल्या. मेलचा पासवर्डही बदलला, पण त्याच संगणकावरून. आता पुन्हा स्कॅन केला तर सगळं स्वच्छ. तरी सोमवारपासून नातेवाइकांना बाबांच्या नावाने तसेच मेल येताहेत. विंडोज नव्याने टाकावं लागेल का? बाबा इतके खजील झालेत की मेल बंदच करून टाक म्हणताहेत.

प्रतिसाद १
आधी एक बघा. ज्यांना मेल आला त्यांच्याकडून स्क्रीनशॉट मागवा आणि नावापुढचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. नाव काय, कोणीही कोणाचंही टाकू शकतो. मेल पाठवण्याचा मूळ प्रोटोकॉल १९८२ चा, त्यात पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच नव्हती. नंतर ठिगळं लावली आहेत, पण ती पत्त्याचं डोमेन (@ नंतरचा भाग) तपासतात, नाव नाही. खात्यातलं 'सेंट'ही बघा.

धागाकर्ती
पाहिलं. नाव बाबांचं, पत्ता भलताच, प्रत्येक मेलला वेगळा. सेंटमध्ये काही नाही. पण खाली बाबांचा खरा पत्रव्यवहार आहे, तो कुठून आला?

प्रतिसाद २
म्हणजे हे मेल त्यांच्या खात्यातून जात नाहीत. फाइल उघडली तेव्हा संगणकातले मेल आणि पत्ते चोरले गेले असावेत, आता ते दुसऱ्याच यंत्रांवरून वापरले जाताहेत. इमोटेट नावाचा व्हायरस नेमकं हेच करायचा. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो परत आला. तुमच्याकडे तोच होता असं म्हणत नाही, ही युक्ती इतरांनीही उचलली आहे.

वाईट बातमी ही की गेलेले मेल परत येत नाहीत. पासवर्ड कितीही वेळा बदला, हे मेल येत राहतील. सगळ्यांना फोन करून सांगा, मेलने नको. :)

प्रतिसाद ३
स्कॅन स्वच्छ आहे ना, मग विंडोज टाकायचा उपद्व्याप कशाला?

प्रतिसाद २
कारण हे व्हायरस एकटे येत नाहीत, मागून आणखी काय काय उतरवून घेतात. दोन सापडले, तिसरा सापडला नसेल तर? माझं मत, फोटो आणि कागदपत्रं बाजूला काढा (प्रोग्राम नकोत) आणि नव्याने टाका. ऑफिसही नवं घ्या. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने नेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो (फाइलच्या आत दडलेले छोटे प्रोग्राम, 'एनेबल कंटेंट' दाबलं की चालतात) मुळातच अडवायला सुरुवात केली, ते ऑफिस २०१० मध्ये नाही.

पासवर्ड मात्र आज, दुसऱ्या यंत्रावरून. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे गेले असं धरून चाला, बँकेचा आधी. मग मेलच्या सेटिंगमध्ये सगळीकडून लॉगआउट, दोन टप्प्यांची पडताळणी, आणि एक जागा लोक हमखास विसरतात: फॉरवर्डिंग आणि फिल्टर. तिथे परका पत्ता बसलेला असला तर पासवर्ड बदलूनही मेलची प्रत त्याला जातच राहते.

प्रतिसाद १
झिपच्या पासवर्डबद्दल बाबांना जरूर सांगा. तो सुरक्षेसाठी नव्हता, मेल सेवेच्या स्कॅनरला आत डोकावता येऊ नये म्हणून होता. पासवर्ड आणि कुलूप एकाच पाकिटात कोण पाठवतं?

शिवाय विंडोजमध्ये फाइलची शेवटची अक्षरं दाखवायची सोय चालू करा. २००० साली 'आय लव्ह यू' व्हायरस पसरला, त्याची फाइल टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर वाटायची. खरी शेपटी व्हीबीएस, म्हणजे प्रोग्रामची होती, विंडोज ती लपवायचं. अजूनही लपवतं.

धागाकर्ती
फॉरवर्डिंगमध्ये काही नव्हतं, हुश्श. रविवारी विंडोज टाकते. एकच शेवटचं: नणंदेने बाबांच्या नावाचा मेल फोनवर उघडला, फाइलवरही टिचकी मारली. तिचा फोन?

प्रतिसाद २
वर्डमधले असले मॅक्रो विंडोजसाठी असतात, फोनवर चालत नाहीत. पण फाइलऐवजी लॉगिनचं पान उघडलं होतं का, आणि तिने तिथे पासवर्ड टाकला का, एवढं विचारा. टाकला असेल तर तोही आजच बदला.

धागाकर्ती
विचारलं. टाकलाय. बसते आता तिच्यासोबत फोनवर.