लागोत्तो रोमान्योलो: केसांच्या जटा, कानाचा वास आणि कुंड्या उकरणं

गंगापूर_रोड
घरात लागोत्तो रोमान्योलो या कुत्र्यांच्या जातीची १० महिन्यांची मादी आहे, वजन १२ किलो. नाशिकला तळमजल्याचा फ्लॅट, पुढे छोटी बाग. कानामागे आणि काखेत केसांच्या जटा झाल्यात. ब्रश वरून फिरतो, आत शिरत नाही. पावसाळा लागल्यापासून उजव्या कानाला आंबूस वास येतो. शिवाय एकही कुंडी शाबूत ठेवत नाही. ग्रूमर म्हणतो, सगळे केस तासून टाकू. तासू द्यावेत का?

लोकर_आणि_कंगवा
तासू देऊ नका, बारीक करून घ्या. १० महिने म्हणजे पिल्लाचे मऊ केस जाऊन दाट लोकर येण्याचं वय. या जातीचे सुटलेले केस जमिनीवर पडत नाहीत, कुरळ्यांतच अडकतात आणि त्यांच्याच जटा होतात. मूळचं हे कुत्रं इटलीत कोमाक्कियो आणि रावेन्नाच्या दलदलीतलं, पाण्यात पडलेली बदकं काढून आणणारं. आतली लोकर पाणी कातडीपर्यंत पोचू देत नाही. पण एकदा ओल आत गेली की ती लवकर बाहेरही पडत नाही, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तेच बाधतं.

जट कोरडी असतानाच सोडवायची. चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळा, बोटांनी जट उभी फाडून दोन-तीन भाग करा. मुळाशी केस चिमटीत धरा म्हणजे कातडी ओढली जात नाही. मग स्टीलच्या कंगव्याने आधी टोक, हळूहळू मुळाकडे. आधी आंघोळ घातलीत तर जट सुकताना घोंगडीसारखी आवळते. काखेतली जट कात्रीने कापायला जाऊ नका. कातडी जटेबरोबर वर उचललेली असते आणि हमखास कापली जाते. तिथे क्लिपरच (केस कापायचं मशीन).

अंगावर दीड-दोन सेंमी केस राहू द्या. कातडी उघडी पडली तर उन्हाने भाजते. जातीचं एफसीआय (आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ) मानक (क्र. २९८) वर्षातून किमान एकदा पूर्ण कातरायला सांगतं, नाशिकच्या हवेत तीनदा बरं: फेब्रुवारीअखेर, पावसाआधी आणि ऑक्टोबरात. आठवड्यातून एकदा केसांचे थर उलटत, कातडी दिसेपर्यंत विंचरा. हार्नेस (छातीचा पट्टा) घरात काढून ठेवा, काखेतल्या जटा निम्म्या त्यामुळेच होतात.

कानाचं मात्र आधी डॉक्टरांकडे. आंबूस वास आणि तपकिरी मळ बहुतेक वेळा यीस्टचा असतो, पण स्वॅब तपासल्याशिवाय आणि पडदा शाबूत आहे हे बघितल्याशिवाय थेंब घालू नका. सूज उतरल्यावर कानातले केस बोटांनी थोडेथोडे उपटा, एका वेळी आठ-दहा. इअरबड अजिबात नको, मळ आणखी आत ढकलला जातो.

बांधावरून
दोन गोष्टी नाशिकपुरत्या. पावसाळा सरला की माळावरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. या लोकरीत कुसळ टोकाने आत शिरतं आणि केस त्याला मागे येऊ देत नाहीत. पायाच्या बोटांमध्ये एकाच जागी सतत चाटणं किंवा अचानक एका बाजूला मान झटकणं दिसलं, तर त्याच दिवशी दाखवा. त्या दिवसांत पंजांतले केस अगदी बारीक ठेवा.

दुसरी गोष्ट द्राक्षं. नाक जमिनीला लावून चालणारं कुत्रं हंगामात बागेत गेलं की गळलेले मणी खाणारच. द्राक्षं, बेदाणे, वाइनरीतला चोथा, सगळ्यानेच मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. किती मणी चालतील असा भरवशाचा आकडा नाही. खाल्ल्यावर दोन तासांच्या आत दवाखान्यात उलटी करवून घ्या. घरी मीठ पाजू नका, मिठाचीच विषबाधा होते.

नाकाला_काम
उकरण्याबद्दल. दलदली आटवल्यावर या जातीला ट्रफल शोधण्याचं काम मिळालं, म्हणजे झाडांच्या मुळांशी जमिनीत वाढणारी बुरशी. वास घ्यायचा आणि उकरायचं यासाठीच पिढ्यान् पिढ्या निवडलेलं कुत्रं आहे हे. ओरडून ती थांबणार नाही, तिला उकरायची जागा द्या.

भोकं पाडलेल्या छोट्या डबीत दालचिनीचा तुकडा ठेवा. डबी हुंगली की लगेच उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा, डबीच्या अगदी शेजारी. असं दहा वेळा, मग थांबा. चार-पाच दिवसांनी डबी टॉवेलखाली, मग तीन खोक्यांपैकी एकात. चुकीच्या खोक्यावर ओरडू नका, गप्प राहा. पंधरा दिवसांनी घमेल्यात वाळू भरून ५ सेंमी खोल पुरा. तिने पंजा मारला की डबी तुम्ही काढा, नाहीतर ती चावून फोडेल. कापूर किंवा डांबरगोळी कधीही वापरू नका, दोन्ही विषारी. रोज दहा मिनिटं पुरतात, आणि त्याने ती जेवढी निवते तेवढी तासभराच्या फेरीनेही निवत नाही.

गंगापूर_रोड
मनापासून आभार. गोचिडांसाठी गोळी सुचवली आहे. दोन महिन्यांची असताना तिला थरथरीचे झटके यायचे, नंतर आपोआप थांबले. गोळी चालेल ना?

लोकर_आणि_कंगवा
हे डॉक्टरांना आधी सांगा. या जातीत पिल्लपणीचा आनुवंशिक अपस्मार (फिट येणं) असतो: पाच ते नऊ आठवड्यांच्या सुमारास सुरू होतो, चौथ्या महिन्यापर्यंत बहुधा जातो. त्यासाठी एलजीआय२ जनुकाची तपासणी करता येते. फ्लुरालानर, अफोक्सोलानर गटातल्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना झटके येतात, म्हणून झटक्यांचा इतिहास असेल तर दुसरा पर्याय विचारा. तोवर रोज संध्याकाळी कानाच्या पाळ्या, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखाली बोटांनी चाचपा. इतक्या दाट केसांत गोचीड डोळ्यांना दिसत नाही, हातालाच लागते.