विझलेला ओंडका नवव्या दिवशी पेटतो कसा?

संत्रीवाली (मनीषनगर, नागपूर)

कळमेश्वरकडे आमचा संत्र्याचा लहानसा बगीचा आहे. मार्चच्या सुरुवातीला शेजाऱ्याने धुरा (शेताचा बांध) पेटवला आणि जेवायला निघून गेला. त्यावर बोलायला लागले तर पान पुरणार नाही, म्हणून सोडते. आमच्या हद्दीत एक मोह मागच्या वादळात उपटून आडवा झाला होता, एकाच्या कवेत मावणार नाही एवढा. पालापाचोळा, तुराट्या तासाभरात जळून गेल्या. मोह वरून काळा पडला, जाळ कुठेच उरला नाही. मी समोर उभं राहून गड्याकडून त्यावर सात-आठ घमेली माती टाकून घेतली.

नंतर सकाळी जरासा धूर दिसायचा, दुपारी तोही नाही. नवव्या दिवशी वारा सुटला आणि धुऱ्यावरचं गवत पेटलं. ठिबकच्या नळ्या वितळल्या, कडेची सहा झाडं होरपळली.

मुलगा म्हणतो, ॲमेझॉनमध्ये जंगल तोडून जाळतात तेव्हा मोठी खोडं अशीच दिवसेंदिवस धुमसतात. पण जाळच नाही, तर जळतं काय? आणि माती टाकूनही?

लकडगंजवाला

पाणी मारायचं ना ताई. एवढं काय त्यात.

संत्रीवाली

विहिरीपासून धुरा चारशे फुटांवर आहे, दादा. बादल्या तुम्ही वाहणार का?

जाळरेषेवाला

ताई, तुमी माती टाकली, थेच चुकलं. कोयशाची भट्टी लावणारा लाकडावर माती काहून चढवते? आग दमानं जगवाले. तुमी मोहाची भट्टी लावली. दारूची नाई, कोयशाची.

मी उमरेडकडच्या जंगलात लय उन्हाळे काढले. 15 फेब्रुवारी ते 15 जून आमचा आगीचा हंगाम. आता पानं उडवाले ब्लोअर आले, सॅटेलाईटवरून मोबाईलवर मेसेज येते. पण सॅटेलाईटले भडका दिसते, राखेखालचा ओंडका कुठं दिसते? थो रात्री फिरूनच सापडते, अंधारात लाल डोया चमकते. पोकळ सालई सगळ्यात बदमाश. बुडातून हवा घेते, वरून धूर सोडते, धुराड्यावानी. अन् आतल्या भिंती एकमेकीले शेकत राह्यतात. असं झाड जाळरेषेजवळ, म्हंजे आग अडवाले जाळून साफ केलेल्या पट्ट्याजवळ, असलं तं आमी पहिले थेच पाडत होतो. थे रेषेवर पडलं का रात्रभराची मेहनत गेली.

वरून पाहून काई समजत नाई. सब्बलनं पलटवा. हाताची पालथी बाजू जवळ न्या, पण लावू नका. धग लागली तं आग हाय.

रसायनवाले सर

भट्टीचं उदाहरण नेमकं आहे. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात आणि ज्वाळा म्हणून आपल्याला दिसतात ते हे वायू जळताना. ते संपले की मागे कोळसा राहतो. त्याच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन थेट भिडतो आणि तो ज्वाळेशिवाय जळतो, साधारण 500 ते 700 अंशांवर. राखेचा किंवा मातीचा थर हवा कमी करतो, पण उष्णताही धरून ठेवतो. त्यामुळे आग मरत नाही, फक्त मंदावते. गोवरीचा विस्तव आपण राखेत पुरून सकाळपर्यंत जपायचो, तोच प्रकार.

मात्र एकटं, उघडं पडलेलं खोड बहुधा आपोआप विझतं, त्याची उष्णता मोकळ्यावर निघून जाते. चुलीत एकच लाकूड टिकत नाही, दोन-तीन भिडवली की एकमेकांना तापवतात. ॲमेझॉनमध्ये नेमकं हेच होतं. कोरड्या हंगामाच्या तोंडाशी झाडं पाडतात, काही आठवडे ते महिने वाळू देतात, मग पेटवतात. पानं, फांद्या भडकून जातात. जाड खोडं आतून ओलीच असतात, त्यामुळे पाडलेल्या लाकूडफाट्यातला बराच भाग, पुष्कळदा निम्म्याहून जास्त, पहिल्या जाळात उरतोच. जिथे खोडावर खोड पडलेलं असतं तिथे फटीत धग टिकते आणि ती खोडं धुमसत राहतात. उरलेली पुन्हा रचून जाळतात, नाहीतर गुरांच्या कुरणात वर्षानुवर्षं काळी पडून असतात.

या धुमसण्याचा धूरही वाईट. भडकलेल्या आगीत बहुतेक कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि उष्णतेमुळे धूर उंच चढतो. धुमसताना कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि अर्धवट जळालेले कण त्या मानाने बरेच जास्त निघतात. वर ढकलायला पुरेशी उष्णता नसल्याने ते जमिनीलगत पसरतात, विशेषतः रात्री.

ताई, तुमचा मोह कशाला टेकून होता का?

संत्रीवाली

सर, होता! वादळात त्याचीच जाड फांदी मोडून बुंध्याखाली दबली होती. पाला वरचा जळला, ही जोडी खाली शेकत बसली आणि मी त्यांना मातीचं पांघरूण घातलं. होळीच्या विस्तवावर धुळवडीचं पाणी तापवण्यात जन्म गेला, पण हे डोक्यात आलं नाही.

आज सकाळी भाऊ आणि गडी, दोघांनी सब्बल लावून खोड पलटवलं. खालची बाजू अजून लाल होती. फांदी ओढून वेगळी केली. ट्रॅक्टरवर दोन ड्रम पाणी नेलं, ओतत गेलो, उकरत गेलो, पुन्हा ओतलं. पहिला ड्रम नुसता वाफेत गेला. लकडगंजवाले दादा, बादल्या लागल्या नाहीत. उद्या पहाटे मी स्वतः जाऊन पालथा हात धरून बघणार आहे.

जाळरेषेवाला

पहाटे नाई, आज रात्रीच जा. टॉर्च बंद करून पाहा.