रीलोडनंतरही सिस्को राउटरवर जुनंच आयओएस? बूटच्या ओळी बघा

नवीन इमेज (आयओएस, म्हणजे राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल) फ्लॅश मेमरीवर चढवली, रीलोड दिला, तरी ‘शो व्हर्जन’ कमांडमध्ये जुनंच आयओएस येतंय, या प्रश्नावर वरच्या उत्तरांत सगळे करप्ट इमेजच्या मागे लागलेत. मला नाही तसं वाटत. तसं असतं तर बूट होताना कन्सोलवर एरर दिसली असती.

सिस्कोचा राउटर कॉन्फिगमधल्या ‘बूट सिस्टिम’च्या (कुठली इमेज चालवायची ते सांगणाऱ्या) ओळी वरून खाली वाचतो आणि पहिली जी चालेल ती इमेज उचलतो. तुम्ही टाकलेली नवी ओळ जुनीच्या खाली जाऊन बसते. जुनी ‘नो’ लावून काढली नाही, तर नवीचा नंबरच लागत नाही! रनिंग कॉन्फिगमध्ये, म्हणजे चालू सेटिंग्जमध्ये, हा क्रम दिसेल. तो बदलल्यावर सेव्ह करा, मगच रीलोड. आयओएस एक्सई (आयओएसचा नवा प्रकार) इन्स्टॉल मोडमध्ये, म्हणजे इमेज सुट्या पॅकेजेसमध्ये उलगडून, असेल तर मात्र ही ओळ बिन फाइलकडे नाही, ‘पॅकेजेस डॉट कॉन्फ’कडे हवी.

जाता जाता, ‘शो व्हर्जन’च्या शेवटी कॉन्फिग रजिस्टर (राउटरने कसं बूट व्हायचं ते ठरवणारा आकडा) ०एक्स२१०२ आहे ना? पासवर्ड रिकव्हरीनंतर कुणी २१४२ तसंच सोडलं असेल, तर राउटर सेव्ह केलेलं कॉन्फिग वाचणारच नाही, कोरा करकरीत उठेल. आणि जुनी इमेज इतक्यात उडवू नका.