माळ बंद करायचा, पण शेळ्या कुठं न्यायच्या?

बालाघाटकर
पुढच्या आठवड्यात आमच्याकडं ग्रामसभा आहे. गाव बार्शी तालुक्यात, बालाघाटाची शेवटची टेकाडं उतरतात त्या बाजूला. विषय एकच: गावामागचा १२० हेक्टर माळ, वनखात्याचा, पाच वर्षं चराईला बंद करायचा. त्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), खड्डे, रोपं आणि ओघळींमधे दगडी बांध. गाव आणि खातं मिळून समिती. मी सोलापुरात नोकरीला असलो तरी मतदान गावातच आहे, आणि आज विचाराल तर मी हात वर करणार नाही.

पाणलोटाच्या कामाला विरोध नाही. ७२ च्या दुष्काळात माझी आजी नालाबांधाच्या कामावर पाट्या उचलत होती, त्या बांधाखालची विहीर अजून मार्चपर्यंत टिकते. माझं भांडण वेगळं आहे. माथ्यावरचं गवत पहिल्या दिवशी बंद होतं, पायथ्याच्या विहिरीला पाणी यायला दोन-तीन पावसाळे जातात. माथ्यावर जनावरं कोणाची? ज्यांना रान नाही त्यांची. पायथ्याला विहिरी कोणाच्या? ज्यांचा ऊस कारखान्याला जातो त्यांच्या. उपास एकानं धरायचा आणि पारणं दुसऱ्यानं फेडायचं, असला हा लोकसहभाग.

थोडा हिशोबही मांडतो. चर साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असतो. म्हणजे एका मीटरला १८० लिटर, एका किलोमीटरला १ लाख ८० हजार लिटर. एक एकर उसाला वर्षाला साधारण १ कोटी लिटर पाणी लागतं. एका एकराच्या उसासाठी पन्नास-पंचावन्न किलोमीटर चर भरायला हवा! माळ बंद करून आपण नक्की कोणाची तहान भागवतोय?

शिवारदूत
हे रडगाणं प्रत्येक गावात ऐकलंय. आमच्या गावात (सांगोल्याकडं) पण हेच म्हणणारे चार जण होते. आम्ही पहाटे पाचला टिकाव-फावडी घेऊन माळावर जायचो, एप्रिल-मेच्या उन्हात पंचेचाळीस दिवस. तेव्हा हे चौघं पारावर बसून शेळीचं दुःख सांगत होते.

हिवरे बाजारनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली म्हणून तिथं गवत आलं, गवत आलं म्हणून दूध वाढलं. ते गावही ४०० मिलिमीटरच्या पावसात बसलंय, आपल्याकडं सरासरी साडेपाचशेच्या आसपास पडतो. मोकाट जनावर सोडलं की काय उरतं ते आपला प्रत्येक माळ सांगतोय: तरवड, घायपात आणि उघडा मुरूम.

आणि चराई बंद म्हणजे चारा बंद नव्हे. विळ्यानं कापा, डोक्यावर भारा आणा, घरी दावणीला घाला. आमच्याकडं दुसऱ्या पावसाळ्यात इतकं गवत झालं की कापायला माणूस मिळेना.

मेंढकं_पोर
विळ्यानं कापा म्हणणाऱ्यानं आमच्याकडं एक दिस यावं. चाळीस मेंढरं हायती. एका मेंढराला चार-पाच किलो हिरवा चारा धरला तर रोजचा दीड-दोनशे किलो झाला. कोण कापणार? आई का मी? आन मेंढरू दावणीला बांधून जगत न्हाई वो, त्याला चालाय लागतं. तुमच्या म्हशीचा हिशोब आमच्या मेंढराला लावू नका.

अजून एक, जे कुणी बोलत न्हाई. आमचा बाप सांगतो, पूर्वी पावसाळ्यात रब्बीची रानं पड असायची. ज्वारी पेरायची हस्ताच्या आगंमागं, तवर रान मोकळं. आता सगळीकडं सोयाबीन. आषाढात मेंढरू बांधावर दिसलं तरी काठी घेऊन येत्यात. राहिला एक माळ, तोबी बंद करताव. सुगी झाली की मात्र हेच लोक घरी येऊन म्हणत्यात, दोन राती मेंढरं बसवा आमच्या रानात, खत पाहिजे.

शिवारदूत
बाबा, तुझं खोटं नाही. पण चाळीस मेंढरांसाठी अख्ख्या गावाचा माळ उघडा ठेवायचा का?

मेंढकं_पोर
चाळीस विहिरींसाठी बंद ठेवायचा का?

पाषाण
सगळी नोकरी भूजलाच्या कामात काढली, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचतो.

बालाघाटकर, तुमचा गुणाकार बरोबर आहे पण हिशोब चुकलाय. चर वर्षातून एकदाच भरत नाही. आपल्याकडं पाऊस पडतो तो वळवाचा आणि परतीचा, दणक्यानं. चांगल्या वर्षी पाच-सहा वेळा तरी भरतो आणि मुरतो. शिवाय चर म्हणजे टाकी नव्हे. तो उतारावरच्या पाण्याचा पाय अडवतो, माती जागेवर ठेवतो, खालचे बांध आणि पाझर तलाव गाळानं भरू देत नाही. माथा उघडा ठेवून नुसते ओढ्यावर सिमेंटचे बांध घातले तर तीन-चार पावसाळ्यांत त्यात पाण्यापेक्षा गाळ जास्त दिसतो. माथा ते पायथा हा क्रम कोणी हौस म्हणून ठरवलेला नाही.

आता शिवारदूत. आपल्या जमिनीखाली वाळू नाही, काळा पाषाण आहे. वर माती, मग मुरूम, मग फटी असलेला मांजऱ्या, त्याखाली घट्ट खडक. पाणी राहतं ते मुरूम-मांजऱ्याच्या थरात आणि फटींत, त्याची साठवण मर्यादित. तुम्ही पंचेचाळीस दिवस घाम गाळून थर भरता आणि पायथ्याचा एक जण खोल बोअर मारून दोन उन्हाळ्यांत तो उपसतो. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहीर शेतीसाठी घ्यायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आपल्या भागात दोनशे फुटांवर बोअर थांबवणारा माणूस मला भेटलेला नाही. भेटला तर पाया पडेन.

कुसळ
एका शब्दावर अडले आहे. सगळे या माळाला ‘पडीक’ धरून चाललेत. सोलापूरचा माळ हे बिघडलेलं जंगल नाही, ते मुळातच गवताळ रान आहे. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी. त्यात काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, आधी कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, नंतर १,२२२ वर आणलं. त्या वर्षांत शेतकऱ्यांना जमिनीच्या खरेदी-विक्रीचा त्रास झाला, तो राग अजून आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण दुसरी चूक कोणी बोलत नाही: माळांवर ओळीनं गिरिपुष्पाची झाडं लावली. उघड्या रानात दूरवर नजर ठेवून जगणारा माळढोक पक्षी झाडीत कसा राहील?

तेव्हा तुमच्या प्रस्तावातलं ‘खड्डे, रोपं’ हे आधी खोडा. ओघळीच्या कडेला बोर, हिवर, आपटा, कडुनिंब ठीक. सपाट माळावर गवताचं बी टाका. मेंढरांनाही तेच हवंय, पाण्यालाही तेच हवंय. गवताची मुळं माती जशी धरतात तशी पाच वर्षांचं सुबाभूळ धरत नाही.

शिवारदूत
ताई, पटतंय. पण बी टाकलं हे मोजायचं कसं? खड्डा मोजता येतो, रोप मोजता येतं, फोटो काढता येतो. पैसे मोजता येणाऱ्या कामाला मिळतात. आम्हालाही गवतच हवं होतं, शेवटी अर्धे खड्डे घेतले, त्यातली निम्मी रोपं वाळली. (हे आमच्या सत्काराच्या भाषणात नव्हतं.)

कडक_सोलापुरी
काय बोलूलालाव बे तुमी लोक. चर, गवत, माळढोक. उजनी उशाला असून शहरात नळाला रोज पाणी नाही, ते बघा की आधी.

पाषाण
उजनीवरचा धागा वेगळा काढा. तिथंही शेवट उसावरच होईल.

कायदेपंडित
समितीबद्दल कोणीच विचारलं नाही म्हणून लिहितो. संयुक्त वनव्यवस्थापनाचा राज्याचा निर्णय १९९२ चा. चांगला की वाईट हे सोडा, पण त्यात समितीचा सचिव खात्याचा माणूस असतो आणि जमीन खात्याचीच राहते. गाव राखण करतं, वाटा मिळतो. याउलट २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्क मिळाला तर राखायचा अधिकार ग्रामसभेचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं तो २००९ मध्ये मिळवला. त्याच कायद्यात चराईचा हक्क स्पष्ट लिहिलाय, फिरत्या पशुपालकांचासुद्धा. मेंढकं_पोर, हे वाचून ठेव.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या वनावर अवलंबून असल्याचा पुरावा लागतो.

मेंढकं_पोर
पंचाहत्तर वर्साचा कागद मेंढराच्या मागं फिरणाऱ्याकडं कुटनं येणार सायेब? आजाकडं घोंगडं हुतं, कागद नव्हता.

कायदेपंडित
नुसता कागदच लागतो असं नाही. गावातल्या वृद्धांचे जबाबही पुरावा म्हणून चालतात, जोडीला आणखी एक पुरावा लागतो. आजाला आधी लिहून घे.

बालाघाटकर
पाषाण यांनी हिशोब दुरुस्त केला, मान्य. कुसळ यांचं म्हणणं सभेत शब्दश: मांडणार. मूळ मुद्द्यावर मात्र मी हललेलो नाही, फक्त ‘विरोध’ असं न म्हणता तीन अटी घालीन म्हणतो.

पहिली, १२० हेक्टर एकदम बंद नाही. माळाचे चार तुकडे, एका वेळी एकच बंद, तिथं गवत धरलं की पुढचा. दुसरी, बंद तुकड्यातलं गवत लिलावात काढायचं नाही. पहिला हक्क ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांचा, उरलं तर इतरांना. तिसरी, चराचं काम सुरू होण्याआधी पायथ्याच्या सगळ्या विहिरी-बोअर वहीत नोंदवायच्या, आणि या पाण्यावर नवीन बोअर नाही, नवीन ऊस नाही. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास पाणी पंचायत सुरू केली तेव्हा पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं, भूमिहीनालाही हिस्सा ठेवला आणि ऊस बाहेर ठेवला. पन्नास वर्षांपूर्वी तिथं हे ठरवता आलं तर आपल्याला का येऊ नये?

शिवारदूत
पहिल्या अटीनं काम बिघडेल. चार तुकडे म्हणजे चार राखणदार, आणि शेळीला तुकडा कळत नाही. चौथ्या तुकड्याची पाळी येईपर्यंत समितीतले निम्मे लोक बदललेले असतील, निवडणूक होऊन गेलेली असेल. एकदाच जोर लावावा लागतो. एका तुकड्याला दोन वर्षं धरली तरी आठ वर्षं होतात, लोकांचा उत्साह तेवढा टिकत नाही. हे अनुभवानं सांगतो.

कुसळ
तुकडे पाडण्यात चूक नाही, फक्त सरळ रेषेनं पाडू नका. ओघळीप्रमाणं पाडा, म्हणजे एका तुकड्याचं पाणी त्याच तुकड्यात दिसेल आणि लोकांना फरक डोळ्यानं कळेल.

मेंढकं_पोर
एक तुकडा बंद असंल तर आमी सोता राखू. राखनदाराचा पगार आमालाच द्या. शेळीला तुकडा कळत न्हाई, पन शेळीवाल्याला कळतो.

शिवारदूत
हे मात्र आमच्याकडं कोणाला सुचलं नव्हतं. आम्ही राखणदार ठेवला तो सरपंचाच्या भावकीतला.

बालाघाटकर
आणि दुसरी, तिसरी अट?

शिवारदूत
दुसरी चालेल. तिसरीवर खरं सांगू का? आमच्या गावात ही अट कोणी मांडली असती तर सगळ्यात आधी मीच उठून गेलो असतो. माझं बोअर साडेतीनशे फूट आहे, डाळिंबाच्या बागेत. त्या पंचेचाळीस दिवसांत मी एकही दिवस चुकवला नव्हता.