पुढचे चित्र आणि मागची यादी : अनुभव धागा

घरात येणाऱ्या प्रत्येक डब्यावर, बाटलीवर, पाकिटावर पुढे एक चित्र असते आणि मागे, बारीक अक्षरांत, घटकांची यादी असते. चित्र पाहून आपण वस्तू घेतो आणि यादी वाचायची वेळ येते ती काहीतरी बिघडल्यावर. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींवर विसंबणे सोडून घर अधिक निरोगी आणि निसर्गाला कमी जाच होईल अशा रीतीने चालवण्याचा प्रयत्न ज्यांनी केला आहे, त्यांना आपला अनुभव सविस्तर लिहिण्याची विनंती केली होती. काय सोडले आणि काय परत आणले हे तर लिहावेच, पण कुठे चुकले तेही लिहावे असे मुद्दाम सांगितले होते, कारण चुकांचा हिशेब वाचूनच दुसऱ्याला खरी मदत होते. ज्याने त्याने स्वतःची ओळख जशी करून दिली, तशीच ती वर ठेवली आहे.

चार वर्षांच्या मुलीची आई

माझ्या मुलीच्या कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांमागे ती दोन वर्षांची असल्यापासून खरखरीत लाल चट्टे उठत असत. रात्री झोपेत ती इतकी खाजवायची की सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसत. मी तिच्या कपड्यांसाठी मुद्दाम कोवळ्या पानाचे चित्र असलेले, ‘नैसर्गिक’ आणि ‘सौम्य’ हे शब्द ठळक छापलेले डिटर्जंट आणत होते, त्यामुळे कपड्यांचा संशय मला कधी आलाच नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी औषध दिले आणि सोबत एक काम सांगितले: दिवसभरात मुलीच्या त्वचेला जे जे लागते, त्या सगळ्याची घटकयादी वहीत उतरवून आणायची. साबण, तेल, मलम, वेट वाइप्स, डिटर्जंट, कपड्यांना मऊपणा आणणारे सॉफ्टनर, अशी नऊ वस्तूंची यादी मी दोन रात्री बसून लिहिली आणि नऊही ठिकाणी एक शब्द सारखा आला, ‘सुगंध’.

या एका शब्दाखाली कितीतरी वेगवेगळी रसायने असू शकतात, आणि मिश्रण हे व्यापारी गुपित मानले जात असल्याने ती एकेक करून सांगावी लागत नाहीत, हे मला तेव्हा कळले. युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांमध्ये ॲलर्जी आणू शकणारे २६ सुगंधी घटक, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असल्यास, नावानिशी छापणे २००५ पासून बंधनकारक केले आणि २०२३ मध्ये ही संख्या ८० च्या वर नेली. त्यांतले लिमोनिन संत्र्याच्या सालीतून येते आणि लिनालूल लॅव्हेंडरमध्ये असते. म्हणजे दोन्ही अस्सल नैसर्गिक, आणि हवेच्या संपर्कात राहिल्यावर दोन्ही अधिक त्रासदायक. बाटलीवर पान छापणाऱ्याने खोटे सांगितले नसेलही, पण माझ्या मुलीच्या त्वचेला त्या पानाचा काहीच उपयोग नव्हता.

आम्ही सुगंधविरहित वस्तू आणल्या आणि सॉफ्टनर पूर्ण बंद केले. सॉफ्टनर धाग्यांवर एक पातळ, मेणचट थर ठेवते आणि कापड हाताला मऊ लागते ते त्या थरामुळे. खात्री करून घ्यावी म्हणून मी नुकत्याच धुऊन वाळवलेल्या टॉवेलवर पाण्याचा थेंब टाकला, तर तो मोत्यासारखा तसाच बसून राहिला. सॉफ्टनर बंद केल्यानंतर सहा धुण्यांनी त्याच टॉवेलवर पुन्हा थेंब टाकला, तो पडताक्षणी विरून गेला. इतकी वर्षे आम्ही पैसे देऊन टॉवेलची पाणी टिपण्याची ताकद घालवत होतो. मुलीचे औषध चालूच आहे आणि चट्टे अधूनमधून उठतात, त्यामुळे सुगंध सोडल्याने आजार गेला असे मी म्हणणार नाही. चादरीवरचे ठिपके मात्र गेल्या सात महिन्यांत दिसलेले नाहीत.

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक

घरगुती स्वच्छतेविषयी लोक एकमेकांना जे सांगतात, त्यातल्या एका गोष्टीवर मला सविस्तर लिहायचे आहे. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून सर्व काही साफ होते, असे सांगितले जाते. ते दोन्ही एकत्र केल्यावर जो फेस उसळतो, तो कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो, आणि फेस ओसरल्यावर भांड्यात उरते ते सोडियम ॲसिटेट मिसळलेले पाणी. आम्लाने सोड्याला आणि सोड्याने आम्लाला निकामी केलेले असते. हेच दोन पदार्थ वेगवेगळे वापरले तर उत्तम काम करतात: सोड्याने करपलेले भांडे घासता येते, आणि किटलीच्या तळाशी साचलेले क्षार व्हिनेगरमध्ये तासभर भिजवले की सुटतात. मात्र संगमरवरावर व्हिनेगर कधीही घालू नये, कारण संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते आम्लात विरघळते आणि फरशीची झळाळी कायमची जाते.

आता गंभीर गोष्ट. माझा मुलगा एका सुटीच्या दिवशी स्नानगृह घासत होता. आधी त्याने ब्लीच टाकले होते आणि डाग निघेना म्हणून वरून व्हिनेगर ओतले, कारण व्हिनेगर नैसर्गिक आहे आणि त्याने अपाय होणार नाही, अशी त्याची समजूत होती. मी शेजारच्या खोलीत होतो. तो तिखट, घशाला झोंबणारा वास मी तीस वर्षे प्रयोगशाळेत ओळखत आलो आहे, तो क्लोरिनचा होता. मी दार उघडून त्याला दंडाला धरून बाहेर ओढले आणि खिडक्या उघडल्या. त्याला पुढे दोन दिवस खोकला होता. अमोनिया असलेला द्रव ब्लीचमध्ये मिसळला तर क्लोरामाइन वायू तयार होतात, तेही तितकेच घातक. रसायनशिक्षकाच्या घरात वाढलेल्या मुलाला हे ठाऊक नव्हते, याची रुखरुख मला अजून आहे, कारण ते सांगणे माझे काम होते.

जंतुनाशक साबणांविषयीही दोन वाक्ये लिहितो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक घरगुती हात धुण्याच्या साबणांतून काढायला लावले, कारण ते साध्या साबण-पाण्यापेक्षा अधिक परिणामकारक आहेत आणि दीर्घकाळ वापरायला सुरक्षित आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नाही. आमच्या घरात साधा साबण आहे.

(हा अनुभव वाचल्यावर आपापल्या स्नानगृहातल्या बाटल्या एकदा तपासून वेगवेगळ्या ठेवाव्यात, असे कळकळीने सांगावेसे वाटते.)

वेष्टनांची रचना करणारी

मी चौदा वर्षे वेष्टनांची रचना करून उपजीविका केली. हिरवी छटा कोणती निवडली की वस्तू ‘शेतातून आल्यासारखी’ वाटते, चकचकीत कागदाऐवजी खरखरीत तपकिरी कागद वापरला की ग्राहक मागची यादी कमी वाचतो, यावर आमच्या तासन्‌तास बैठका होत. एका नामांकित कंपनीच्या द्रव साबणाचे वेष्टन मी बदलले तेव्हा आतल्या साबणात एका थेंबाचाही फरक नव्हता. फक्त बाटली हिरवी झाली आणि ‘पृथ्वीस्नेही’ हा शब्द आला. या शब्दाला आधार काय, असे मी विचारले होते. शब्द मोघम असल्यामुळे आधाराची गरज नाही, असे उत्तर मिळाले. पुढे युरोपीय आयोगाने २०२० मध्ये असे दावे तपासले, तेव्हा ५३ टक्के दावे मोघम, दिशाभूल करणारे किंवा निराधार निघाले, आणि ४० टक्के दाव्यांना कसलाही पुरावा नव्हता. तो आकडा वाचताना मला ती बैठक आठवली.

बाणांचा त्रिकोण सगळ्यांनी पाहिलेला असतो. प्लॅस्टिकच्या बुडाशी त्या त्रिकोणात १ ते ७ पैकी जो आकडा असतो, तो प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्याच संघटनेने सुरू केली, आणि त्या वस्तूचा पुनर्वापर खरोखर होतो की नाही याच्याशी आकड्याचा संबंध नाही. लोकांचा गैरसमज होतो म्हणून २०१३ मध्ये मानकात बाणांच्या जागी साधा भरीव त्रिकोण आणला गेला, तरी बाण अजून दिसतातच. ‘विघटनशील’ पेल्यांचेही तसेच. मक्यापासून बनणारे पीएलए प्लॅस्टिक कुजायला ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता टिकवणारा मोठा खत प्रकल्प लागतो. घरच्या खताच्या टोपलीत मी ठेवलेला पेला दीड वर्षाने बाहेर काढला, तेव्हा त्यावरचे पानाचे चित्रसुद्धा शाबूत होते.

लहान, प्रामाणिक म्हणून निवडलेली नावेसुद्धा कुणाची आहेत ते पाहावे. ‘नैसर्गिक’ म्हणून नाव झालेल्या अमेरिकी कंपन्यांपैकी टॉम्स ऑफ मेन २००६ मध्ये कोलगेट-पामोलिव्हने घेतली, बर्ट्स बीज २००७ मध्ये ब्लीच बनवणाऱ्या क्लोरॉक्सने, आणि सेव्हन्थ जनरेशन २०१६ मध्ये युनिलिव्हरने. मालक बदलला म्हणून वस्तू वाईट होते असे नाही, पण ज्या विश्वासाने आपण ती घेत होतो तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

नऊ वर्षांच्या मुलाचे वडील

न्याहारीच्या पाकिटावर लिहिले होते, एका वाढपात ९ ग्रॅम साखर. वाढप किती, तर ३० ग्रॅम. मी मुलाला नेहमीसारखी वाटी भरायला सांगितली आणि ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. आतला पदार्थ ७० ग्रॅम भरला, म्हणजे साखर २१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त साखर (म्हणजे पदार्थात वरून घातलेली, तसेच मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर) दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत आणावी. प्रौढ माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. माझा मुलगा शाळेला निघण्यापूर्वीच तिथवर पोचत होता. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फळांच्या रसाचा अर्क अशी गोडी चार नावांत वाटली की कोणतेच नाव वर येत नाही.

मी मुलाला ओरडलो नाही आणि पाकीट फेकूनही दिले नाही. त्यालाच काटा दिला. आता तो पाहुण्यांच्या घरीही पाकीट उलटे करून वाचतो, त्यामुळे कधीकधी अवघडल्यासारखे होते, तरी मी त्याला अडवत नाही. चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले आहेत. प्रत्येक घराला काटा घेऊन बसावे लागू नये, असे मला मनापासून वाटते.

एक आजी

दाराच्या खुंटीवर एकवीस कापडी पिशव्या सापडल्या. त्यांतल्या पंधरा निरनिराळ्या कंपन्यांनी भेट दिलेल्या, पर्यावरणाचे संदेश छापलेल्या. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासात, केवळ हवामानावरचा परिणाम धरला तरी प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते, असे आहे, आणि सगळे परिणाम धरले तर हजारो वेळा. मी तीन ठेवल्या, बाकीच्यांची पायपुसणी शिवली, आणि आता भेट नको म्हणून सांगते.

जुळ्यांची आई

माझी चूक सांगते. मोठ्या कंपन्यांवरचा माझा अविश्वास इतका वाढला होता की, ज्याच्यावर कंपनीचे नाव नाही ते सुरक्षित, असे मी धरून चालले. उन्हापासून संरक्षणाचे मलमही मी घरी बनवले, तेलात झिंक ऑक्साइडची पूड घोटून. दिसायला ते अगदी विकतच्यासारखे पांढरे आणि गुळगुळीत झाले होते. दोन तासांच्या उन्हात मुलांचे खांदे भाजले, एकाला फोड आले. झिंक ऑक्साइड संरक्षण देते हे खरे, पण पूड सगळीकडे सारखी पसरली आहे की गुठळ्या होऊन मध्ये मोकळ्या जागा राहिल्या आहेत, हे डोळ्यांना दिसत नाही, आणि मलमाची संरक्षणक्षमता प्रयोगशाळेत चाचणी केल्याशिवाय कळत नाही. ज्या व्यक्तीकडून मी ती कृती शिकले, ती व्यक्ती झिंकची पूड आणि तेल विकत होती. भीती दाखवून विकण्याची रीत छोट्या विक्रेत्याकडेही तीच असते, हे मी त्या दिवशी शिकले. आता अंगभर सुती कपडे, टोपी, सावली, आणि उरलेल्या त्वचेला चाचणी झालेले, सुगंधविरहित मलम.

दमेकरी नवऱ्याची बायको

आम्ही हवा सुवासिक करणारे फवारे बंद केले, कारण त्यांतले लिमोनिन ओझोनशी मिसळून थोडे फॉर्मल्डिहाइड तयार करते. मग हवा शुद्ध करतात म्हणून घर झाडांनी भरले. १९८९ मधल्या नासाच्या ज्या प्रयोगावरून हे सांगितले जाते, तो लहान बंदिस्त पेट्यांत झाला होता, आणि २०१९ मधल्या एका परीक्षणानुसार नेहमीच्या घरात आत-बाहेर खेळणारी हवा जेवढे काम करते तेवढेच झाडांकडून हवे असेल तर दर चौरस मीटरला किमान १० झाडे लागतील. झाडे आवडतात म्हणून ठेवली आहेत. हवेसाठी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडतो.

रात्रपाळी करणारी परिचारिका

वरचे सगळे अनुभव वाचून मला विचारावेसे वाटते की हे काम करते कोण. आमच्या घरी बाळासाठी कापडी लंगोट वापरायचे ठरले, तो निर्णय दोघांचा होता, आणि धुणे माझे होते. सकाळी आठला घरी येऊन मी लंगोटांची बादली उपसत असे. थकून एकदा मी सगळे लंगोट वाळवणी यंत्रात टाकू लागले, तेव्हा नवऱ्याने पर्यावरणाची आठवण करून दिली, आणि मला रडू आले. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २००८ च्या अहवालात त्याचे म्हणणे बरोबरच ठरते: कापडी लंगोटांचा फायदा ते कसे धुतले आणि कसे वाळवले यावर अवलंबून असतो. यंत्रात वाळवल्यास तो उरत नाही, दोरीवर वाळवल्यास आणि दुसऱ्या बाळाला तेच वापरल्यास वाढतो. पण दोरीपर्यंत ते नेणारे हात कुणाचे, हे अहवालात नसते.

व्यक्तीचा कार्बन ठसा, म्हणजे तिच्या राहणीमुळे हवेत किती कार्बन वायू जातो ते, मोजण्याची कल्पना घराघरांत पोचवण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा वाटा आहे, तिने २००४ मध्ये त्यासाठी गणकयंत्र उपलब्ध करून दिले. तेल विकणाऱ्याने हिशेब घरावर टाकला आणि घराने तो बाईवर टाकला, असे माझे स्पष्ट मत आहे. मी नवऱ्यासमोर दोनच पर्याय ठेवले, धुणे त्याने घ्यायचे किंवा विकतचे डायपर आणायचे. त्याने धुणे घेतले. पहिल्या आठवड्यात त्याने साबण दुप्पट घातला आणि लंगोट लाकडासारखे कडक झाले, मग तो स्वतःच माप शिकला. काल रात्रपाळीला निघताना दोरीवर एकोणीस लंगोट होते, आणि त्यांतला एकही मी वाळत घातलेला नव्हता.